पांढरी पाणंद

ब्लिन्यी गाव मागे टाकून बेर्जेरच्या दिशेने निघालं की डांबर संपतं. पुढे द्राक्षबागांच्या मधून चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांचा रस्ता लागतो. 7 जुलै 2024 रोजी तूर द फ्रान्सचा नववा टप्पा इथून गेला. त्र्वाहून सुटून पुन्हा त्र्वालाच, 199 किलोमीटर, आणि त्यात अशा खडीच्या रस्त्यांचे 14 तुकडे. आँथोनी त्युर्गिस नावाच्या फ्रेंच सायकलपटूने तो जिंकला. मी घरी टीव्हीसमोर बसून पाहत होते. हेलिकॉप्टरमधून वेलींच्या ओळी आणि त्यांच्यामधली ती पांढरी रेघ दिसली, आणि स्पर्धेतलं माझं लक्षच उडालं. ही तर पाणंद, असं मी मोठ्याने म्हणाले.

मी निफाड तालुक्यातली. आमच्या मळ्यापर्यंत जायला पाऊण किलोमीटरची पाणंद आहे आणि माझं लहानपण तिच्या चिखलात गेलं आहे. द्राक्षवाल्याला पाणंदीची किंमत विचारावी. माल तयार आहे, गाडी येऊन उभी आहे आणि रात्रीच्या अवकाळी पावसाने पाणंद फसली आहे, असं एकदा झालं की माणूस ते जन्मभर विसरत नाही. म्हणून सव्वा वर्षाने, ऑक्टोबरात, तिथली तोडणी उरकल्यावर मी त्र्वात एक ग्रॅव्हल बाइक भाड्याने घेतली आणि ओब जिल्ह्यातल्या या टेकड्यांत पाच दिवस फिरले.

सायकलीचं सांगायचं तर एवढंच की तिचे टायर 40 मिलिमीटर रुंद होते आणि त्यांत हवा कमी ठेवायची होती. जास्त हवा भरली की मागचं चाक खड्यांवर उडतं, चढावर पकड सुटते. हे मी पहिल्या दिवशी दोनदा पायउतार होऊन शिकले. पायउतार झाले म्हणूनच खालचे दगड नीट पाहिले. त्यांत बोटाच्या पेराएवढे शिंपले होते. ही जमीन म्हणजे सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ. उत्तरेकडे रॅंस आणि एपर्नेच्या भोवती मऊ, खडूसारखा दगड आहे; इथे दक्षिणेत शिंपल्यांची मार्ल माती, शेजारच्या शाब्लीत आहे तशीच. मातीतला हा फरक पुढे भांडणात वापरला गेला.

ते भांडण नावाचं होतं.

आज या टेकड्यांना कोत दे बार म्हणतात आणि शाम्पेनच्या एकूण द्राक्षबागांपैकी जवळपास पाव भाग इथे आहे. पण 17 डिसेंबर 1908 रोजी निघालेल्या सरकारी आदेशाने मार्न जिल्हा आणि एन जिल्ह्याचा काही भाग म्हणजेच शाम्पेन, असं ठरवलं आणि ओबला बाहेर ठेवलं. त्र्वा हे मध्ययुगात शाम्पेनच्या काउंटांच्या राजधानीचं शहर. बाराव्या-तेराव्या शतकांत शाम्पेनच्या ज्या जत्रांना इटलीपासून फ्लँडर्सपर्यंतचे व्यापारी येत, त्यांतल्या मोठ्या जत्रा त्र्वात भरत. त्या शहराच्या मुलखातल्या शेतकऱ्याला आता सांगितलं गेलं की तुझी दारू शाम्पेन नव्हे. आमच्याकडे रात्रीतून बांध कोरणारे असतात. इथे अख्ख्या जिल्ह्याचा बांध एका कागदावर सरकला.

त्याआधीची चाळीस वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओबचा शेतकरी साधी दारू पिकवून पॅरिसला विकत होता. रेल्वे आली आणि दक्षिणेकडची स्वस्त दारू पॅरिसच्या बाजारात ओतली गेली. या थंड टेकड्यांवर तेवढी स्वस्त दारू पिकणं शक्यच नव्हतं. पाठोपाठ फिलोक्सेरा आला, मुळांतला रस शोषणारा अमेरिकेचा बारीक कीटक. बागाच्या बागा वाळल्या. उपाय एकच होता: सगळ्या वेली उपटायच्या, अमेरिकन जातींपासून घेतलेल्या खुंटांवर आपल्या जातीची कलमं बांधायची आणि नव्याने लावायच्या. नाशिक-सांगलीतला बागायतदार आज डॉगरिज खुंटावर कलम भरतो, तोही अमेरिकन खुंटच. आपण तो क्षारपड जमिनीसाठी आणि पाण्याच्या ओढीसाठी लावतो, एवढाच फरक. नव्या लागवडीला पैसा लागतो आणि बाग फळावर यायला काही वर्षं जातात. ज्याच्याकडे ते नव्हतं त्याने टेकडी सोडली. मी ज्या रानांतून सायकल ढकलत गेले, तिथे झाडोऱ्यात जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या ताली मधूनच दिसतात.

जे टिकले त्यांना एकच गिऱ्हाईक उरलं होतं: रॅंस आणि एपर्नेच्या मोठ्या पेढ्या. त्या इथली दारू विकत घेऊन आपल्या शाम्पेनमध्ये मिसळत. 1908 च्या रेघेने तेही बंद केलं.

मार्नच्या शेतकऱ्यालाही मी खलनायक म्हणणार नाही. त्याच्या शेजारच्या पेढ्या बाहेरची दारू आणून शाम्पेनच्या नावाने खपवत होत्या, आणि 1910 च्या हंगामात बुरशी आणि पावसाने त्याच्या हाती जवळजवळ काहीच लागलं नव्हतं. जानेवारी 1911 मध्ये दामरी या गावात चिडलेल्या शेतकऱ्यांनी बाहेरून आलेल्या दारूची पिंपं मार्न नदीत लोटली. त्याची मागणी खरी होती. फसवणूक थांबावी, एवढंच तो म्हणत होता. पण फसवणूक थांबवायला जी रेघ मारली, ती दुसऱ्या कष्टकऱ्याच्या पोटावर पडली.

10 फेब्रुवारी 1911 च्या कायद्याने रेघ आणखी पक्की झाली आणि ओब पेटलं. बार-सुर-ओबचा गास्ताँ शेक हा तिथला पुढारी. गावोगावच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले, करपत्रकांच्या होळ्या झाल्या, इमारतींवर लाल झेंडे चढले. 9 एप्रिलला त्र्वात हजारो शेतकरी जमले, ते खांद्यावर कुदळी घेऊन. वेलीच्या बुंध्याशी माती हलवायची ती कुदळ. छाटणीची कात्री खिशात लपते. कुदळ दुरून दिसते. त्या मोर्चाचे जुने फोटो मी बार-सुर-ओबमध्ये एका काचेआड पाहिले आणि बराच वेळ तिथून हलले नाही. काळे कोट, मिशा, टोप्या आणि त्यांच्या वर कुदळींचं रान.

सरकार बिचकलं. 11 एप्रिलला सिनेटने हद्दबंदी सोडून देण्याच्या बाजूने मत दिलं. ती बातमी मार्नला पोचली आणि त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत आई या गावात व्यापाऱ्यांची घरं आणि तळघरं फोडली गेली, जाळली गेली. रस्त्यांतून दारू वाहिली. लष्कर उतरवावं लागलं. एकाच पिकावर जगणारी दोन जिल्ह्यांतली माणसं एकमेकांच्या विरुद्ध उभी राहिली होती. 7 जून 1911 रोजी मधला मार्ग निघाला: ओबच्या दारूला ‘शाम्पेन, दुसरा विभाग’ म्हणायचं. तो शिक्का कपाळी मिरवायला कोणाला आवडेल? पण तीन वर्षांत महायुद्ध आलं आणि दोन्ही जिल्ह्यांची तरुण मुलं एकाच खंदकांत गेली. अखेर 22 जुलै 1927 च्या कायद्याने ओब पूर्णपणे शाम्पेनमध्ये आलं. त्याची किंमत होतीच. इथे पिकणारी गामे ही जात पुढे हळूहळू काढून टाकावी लागली आणि तिच्या जागी मुख्यतः पिनो न्वार आली.

चौथ्या दिवशी ले रिसे गावाच्या वरच्या पाणंदीवर पावसाने गाठलं. आडोशाला शिरले ती जागा काडोल निघाली. गोल घुमटाची, चुन्या-मातीशिवाय नुसते चपटे दगड एकावर एक रचून केलेली खोपी. जमीन साफ करताना निघालेले दगड बांधावर टाकायचे, त्यांतूनच खोपी रचायची. वादळात, दुपारच्या जेवणाला तिच्यात बसायचं. आत दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील इतकीच जागा. मी हात लावून दगड पाहिले. एवढ्या वर्षांत एकही ढळला नव्हता. ज्यांनी हे रचलं, त्यांची नावं कुठल्याच बाटलीवर आलेली नाहीत. पाऊस थांबेपर्यंत मी तिथे होते आणि 1911 च्या फोटोतल्या चेहऱ्यांपैकी कोण इथे बसलं असेल, एवढंच मनात होतं.

तिथून एस्वा. चित्रकार रेन्वारची बायको आलीन शारिगो या गावची. रेन्वारने इथे घर घेतलं, उन्हाळे इथे काढले. 1897 मध्ये याच गावात सायकलवरून पडून त्याचा उजवा हात मोडला. पुढे सांधेदुखीने बोटं वाकडी झाली तरी त्याने चित्रं काढणं सोडलं नाही. दोघं इथल्याच दफनभूमीत आहेत. त्यांच्या थडग्यांपाशी गेले तेव्हा माझ्या पोटऱ्यांवर पांढऱ्या चिखलाचे थर वाळले होते.

संध्याकाळी मुक्कामाच्या मालकीणबाईंनी नळी दिली आणि म्हणाल्या, सायकल आत्ताच धुवा, हा चिखल वाळला की सिमेंट होतो. धुताना चाकाच्या आऱ्यांतून एक शिंपला पडला. त्याचा फोटो मी बाबांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

“एवढ्या चुनखडीत वेल पिवळी पडत नाही का गं?”

“इथे बहुतेक एक्केचाळीस बी खुंट लावतात, बाबा. चुना सोसणारा.”

“नवा आहे का?”

“1882 मध्ये तयार केलेला.”

ते थोडा वेळ गप्प होते. मागे मळ्यातल्या मोटारीचा आवाज येत होता.

“आणि पाणी किती देतात?”

“देतच नाहीत. पडेल त्या पावसावर.”

“ठिबकसुद्धा नाही?” त्यांनी विचारलं, आणि मग बाजूला तोंड करून आईला हाक मारली, “अगं, इकडे ये, ऐक ही काय सांगते.”