प्रोसेसिंग

प्रोसेसिंग : चित्र, हालचाल आणि आंतरक्रिया यांच्या आधारे प्रोग्रॅमिंग शिकण्या-शिकवण्यासाठी तयार झालेली मुक्त स्रोत प्रणाली. सोपी केलेली भाषा, चित्रणाच्या फंक्शनांची लायब्ररी आणि लिहिलेला कोड तत्काळ चालवून पाहण्यासाठी छोटा संपादक असे तिचे तीन भाग आहेत. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) मीडिया लॅबमध्ये विद्यार्थी असताना तिचे काम सुरू केले. सर्जनशील कोडिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्राच्या शिक्षणाला आजचे वळण मुख्यतः प्रोसेसिंगने आणि तिच्यातून निघालेल्या पी५.जेएस या लायब्ररीने दिले.

पूर्वपीठिका : चित्र काढत प्रोग्रॅमिंग शिकवण्याची कल्पना प्रोसेसिंगपेक्षा बरीच जुनी आहे. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइरझाइग यांनी १९६७ मध्ये लहान मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. तिच्यातील कासव सूचना ऐकून पुढे सरके, वळे आणि रेघ ओढत जाई. त्याआधी, १९६५ मध्ये, गेओर्ग नीस यांनी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे संगणकाने काढलेली चित्रे प्रदर्शनात मांडली होती. पण त्या काळचे संगणक मोजक्या लोकांच्याच हाताशी होते. एमआयटीत म्युरिअल कूपर यांनी मुद्रणकला आणि संगणक यांची सांगड घालणारी कार्यशाळा उभी केली. पुढे जॉन मेडा यांच्या गटात ‘डिझाइन बाय नंबर्स’ ही भाषा तयार झाली. तिच्यावरील पुस्तक १९९९ मध्ये निघाले. तिचा कागद फक्त १०० बाय १०० बिंदूंचा होता आणि रंग मुळीच नव्हते, होत्या त्या ० ते १०० अशा करड्या छटा. रीस आणि फ्राय याच गटातले. मेडा यांच्या भाषेतील साधेपणा टिकवायचा, पण शिकणाऱ्याला त्या चौकटीत अडकवायचे नाही, या भूमिकेतून प्रोसेसिंगचा जन्म झाला. तिची पहिली कार्यशाळा ऑगस्ट २००१ मध्ये जपानच्या मुसाशिनो कला विद्यापीठात झाली. १.० ही आवृत्ती मात्र २००८ पर्यंत आली नव्हती. मधल्या सात वर्षांत विद्यार्थी आणि शिक्षक अपुऱ्या आवृत्त्यांवरच काम करत राहिले, आणि त्यांच्या अडचणींतूनच प्रणाली घडत गेली.

रचना : प्रोसेसिंगचा पाया जावा ही भाषा आहे. जावात एक शब्द पडद्यावर आणायचा तरी आधी क्लास आणि मुख्य फंक्शन लिहावे लागे. त्यांचा अर्थ नवशिक्याला पुष्कळ नंतर कळतो. प्रोसेसिंगमध्ये हे वेष्टण संपादक स्वतः मागच्या मागे चढवतो. ‘लाइन’ हे नाव आणि कंसात चार संख्या एवढी एकच ओळ लिहून बटण दाबले की खिडकीत रेघ उमटते. शिकवण्याच्या दृष्टीने प्रोसेसिंगचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. शिकणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला स्वतःच्या कृतीचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. चूक झाली तर तीही दिसते : रेघ भलतीकडे जाते आणि कोणती संख्या बदलायची याचा अंदाज बांधता येतो.

हालचाल हवी असेल तेव्हा ‘सेटअप’ आणि ‘ड्रॉ’ ही दोन फंक्शने लागतात. पहिले सुरुवातीला एकदाच चालते, दुसरे सेकंदाला साधारण ६० वेळा. आरंभबिंदू खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि उभ्या अक्षावरील संख्या खाली जाताना वाढते. शाळेत आलेखाचा कागद वापरलेल्यांना हे उलटे वाटते, म्हणून पहिल्याच तासाला एक चौकोन कागदावर आखून दाखवणे फायद्याचे ठरते. प्रोग्रॅमला येथे ‘स्केच’ म्हणतात आणि तो ठेवण्याच्या फोल्डरला ‘स्केचबुक’. अर्धवट, खोडलेले, पुन्हा काढलेले काम हेच शिकण्याचे साधन, ही दृष्टी त्यामागे आहे.

मुक्त स्रोत आणि शिक्षण : प्रोसेसिंग विनामूल्य आहे, एवढ्याने तिचे शैक्षणिक महत्त्व सांगून होत नाही. सुरुवातीच्या आवृत्त्यांत स्केच वेबपानावर चढवले की चित्राखाली त्याच्या मूळ कोडचा दुवाही आपोआप येई. एखादे चित्र आवडलेल्या माणसाला ते कसे झाले हे तिथल्या तिथे वाचता येई, उतरवून घेता येई, संख्या बदलून पाहता येई. संपादकातच विषयवार उदाहरणेही दिलेली असतात. चित्रकलेत नकलून शिकण्याची रीत जुनीच आहे. कोडच्या बाबतीत ती शक्य झाली ती स्रोत उघडा राहिल्यामुळे. मूळ लायब्ररीला एलजीपीएल आणि संपादकाला जीपीएल परवाना आहे. दृश्य, ध्वनी, त्रिमितीय आकार, बाहेरील उपकरणांशी संवाद अशा अनेक कामांसाठी वापरकर्त्यांनीच जोड-लायब्ररी लिहिल्या. कार्स्टन श्मिट यांची ‘टॉक्सिकलिब्ज’ आणि आंद्रेआस श्लेगेल यांची ‘कंट्रोलपी५’ या त्यांतील सुपरिचित.

एक आदर्श पाठ : गेओर्ग नीस यांचे ‘शॉटर’ हे चित्र पुन्हा काढणे हा सर्जनशील कोडिंगच्या वर्गांतला गाजलेला स्वाध्याय आहे. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या. खाली उतरावे तसे चौकोन तिरपे होत, जागा सोडत, शेवटी विखरून पडतात. या एका चित्रात पहिल्या काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सामावतो. ओळी आणि रकाने यांसाठी एकात एक दोन लूप लागतात. विस्कळीतपणासाठी ‘रँडम’ लागते, आणि तो विस्कळीतपणा खाली वाढत जावा म्हणून त्याला ओळीच्या क्रमांकाने गुणावे लागते.

खरी शिकवण चुकांमध्ये आहे. चौकोन फिरवायला गेले की तो स्वतःभोवती न फिरता खिडकीच्या कोपऱ्याभोवती फिरतो आणि दिसेनासा होतो. आरंभबिंदू आधी चौकोनाच्या जागी हलवायचा, मग फिरवायचे आणि पुढच्या चौकोनाआधी सर्व पूर्ववत करायचे, हा क्रम येथे हाताला कळतो. त्यानंतर दुसरी अडचण येते : चित्र स्थिर राहत नाही, थरथरत राहते. ‘ड्रॉ’ सेकंदाला ६० वेळा चालते आणि प्रत्येक वेळी यदृच्छ संख्या नव्या येतात, हे कारण विद्यार्थ्याने स्वतः शोधले तर तो ते विसरत नाही. उपाय दोन : पुनरावृत्ती थांबवणे किंवा यदृच्छ संख्यांना ठरावीक बीज देणे. बीज तेच, तर चित्रही तेच. संगणकाची यदृच्छता हिशेबातून येते, ही गोष्ट व्याख्यानापेक्षा या थरथरीतून अधिक पक्की समजते.

पुढची पायरी ‘नॉईज’ या फंक्शनची. केन पर्लिन यांनी ‘ट्रॉन’ (१९८२) या चित्रपटाच्या कामानंतर ही गणिती पद्धत विकसित केली. तिच्यासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ‘रँडम’च्या लागोपाठच्या संख्यांचा एकमेकींशी संबंध नसतो, ‘नॉईज’च्या संख्या हळूहळू बदलतात. त्यामुळे डोंगररांगा, ढग आणि वाहत्या रेषा काढता येतात.

पाठ्यपुस्तके : रीस आणि फ्राय यांचे प्रोसेसिंगवरील मोठे हस्तपुस्तक २००७ मध्ये एमआयटी प्रेसने काढले. नवशिक्यासाठी मात्र डॅनिएल शिफमन यांचे ‘लर्निंग प्रोसेसिंग’ (२००८) अधिक सोयीचे. त्यांचेच ‘द नेचर ऑफ कोड’ (२०१२) बल, दोलन, थवे यांचे भौतिकशास्त्र स्केचांतून शिकवते. ते जालावर विनामूल्य वाचता येते. २०२४ च्या आवृत्तीत त्यातील उदाहरणे पी५.जेएसमध्ये आहेत. शिफमन यांच्या ‘कोडिंग ट्रेन’ या चित्रफितींच्या मालिकेत ते कॅमेऱ्यासमोर चुका करत आणि त्या दुरुस्त करत कोड लिहितात. स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याने सुरुवात येथून करावी.

विस्तार : एर्नांदो बर्रागान यांनी इटलीतील इव्रेआ येथे पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ हा प्रकल्प केला. रीस त्यांच्या मार्गदर्शकांपैकी होते. वायरिंगने प्रोसेसिंगचा संपादक आणि विचारसरणी इलेक्ट्रॉनिक फळीवर नेली. वायरिंगमधूनच २००५ मध्ये आर्डुइनो आले. श्रेयाच्या वाटणीबाबत संबंधितांत एकमत नाही. सी++ भाषेत झॅक लिबरमन, थिओ वॉटसन आणि आर्तुरो कास्त्रो यांनी ‘ओपनफ्रेमवर्क्स’ उभारले. एएलएस या चेतासंस्थेच्या आजाराने हातपाय निकामी झालेल्या एका भित्तिचित्रकाराला डोळ्यांच्या हालचालीने चित्र काढता यावे म्हणून २००९ मध्ये बनलेले ‘आयरायटर’ हे साधन ओपनफ्रेमवर्क्सवरच आधारलेले होते.

लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली पी५.जेएस प्रोसेसिंगची कल्पना जावास्क्रिप्टमध्ये नव्याने मांडते. काही उतरवून घ्यावे लागत नाही, ब्राउझर पुरतो. (सुरुवातीला ‘प्रोसेसिंग’ हे नाव इंग्रजीत दोन ‘एस’च्या जागी दोन ५ लिहून वापरले जाई, ‘पी५’ त्यावरून आले.) तिची १.० आवृत्ती २०२० मध्ये आली. चुकीचा कोड लिहिल्यास ती साध्या वाक्यात चूक समजावते. दृष्टिहीनांच्या स्क्रीन-रीडरसाठी चित्राचे वर्णन देण्याची सोयही तिच्यात आहे. सुलभता वाढवत नसेल असे नवे वैशिष्ट्य घ्यायचे नाही, असे धोरण तिच्या चमूने जाहीर केले होते. सॉफ्टवेअरच्या जगात असा संयम विरळा.

देवनागरी : जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत चलांना देवनागरी नावे देता येतात, ‘त्रिज्या’, ‘वेग’, ‘रंग’ असे चल असलेले स्केच विनातक्रार चालते. अंगभूत फंक्शनांची नावे मात्र इंग्रजीच राहतात. पी५.जेएसमध्ये ब्राउझरच्या टंकाने लिहिलेली जोडाक्षरे नीट दिसतात. अडचण येते ती मजकुराचे तुकडे करताना : ‘स्त्री’ हे एक अक्षर संगणकापाशी सहा घटकांचे असते आणि सरधोपट तोडले तर मात्रा व हलन्त सुटे पडतात. अक्षरचित्रांवर काम करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने हे आधीच जाणून घ्यावे.

संस्था : प्रोसेसिंग फाउंडेशन २०१२ मध्ये स्थापन झाले. निधी आणि प्राधान्यक्रम यांवरून पुढे मतभेद झाले. २०२३ मध्ये फ्राय त्यातून बाहेर पडले.

पुरस्कार : प्री आर्स इलेक्ट्रॉनिका, गोल्डन निका (२००५).

मर्यादा : सोपेपणामुळे पहिली पायरी लवकर चढता येते, पण मोठ्या प्रोग्रॅमची बांधणी, चाचणी, सहकार्याने लिहिणे यांची सवय स्केचांतून लागत नाही. ‘नॉईज’वर काढलेल्या वाहत्या रेषा तर इतक्यांनी काढल्या आहेत की कामे एकसारखी दिसू लागली आहेत. शिक्षकाने तयार उदाहरणापासून दूर जायला लावणे हाच त्यावर उपाय.

पी५.जेएसची संदर्भपाने भारतीय भाषांपैकी हिंदीत उपलब्ध आहेत. ती स्वयंसेवकांच्या हातून झाली, आणि अनुवाद, उदाहरणे व स्वाध्याय लिहिणे हेही या प्रकल्पात कोड लिहिण्याइतकेच योगदान मानले जाते. मराठी शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम आपल्या भाषेसाठी हाती घ्यावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.