लहान मुलासह सहल : खिदिरपूर-अलिपूर परिसरातील आहाराचे नियोजन

कोलकाता महानगराच्या नैर्ऋत्य भागात, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर वसलेले खिदिरपूर हे प्रामुख्याने गोदीसाठी ओळखले जाते. ही गोदी 1892 साली कार्यान्वित झाली. मात्र लहान मुलांसह कोलकात्यास जाणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने या वस्तीचे महत्त्व वेगळेच आहे. देशातील सर्वांत जुन्या प्राणिसंग्रहालयांपैकी एक असलेले अलिपूरचे प्राणी उद्यान येथून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. रेसकोर्स, व्हिक्टोरिया स्मारक आणि राष्ट्रीय ग्रंथालयाची बेल्व्हेडिअर ही वास्तूही याच टापूत येतात. निको पार्क (1991), सायन्स सिटी (1997) आणि इको पार्क (2012) ही करमणुकीची अन्य केंद्रे शहराच्या पूर्वेकडील बाजूस असून तेथे जाण्यासाठी खिदिरपूरहून संपूर्ण शहर ओलांडावे लागते.

अशा सहलीचे वेळापत्रक आखताना बहुतेक कुटुंबे प्रेक्षणीय स्थळांची यादी आधी तयार करतात आणि जेवणाचा विचार 'वाटेत काहीतरी मिळेलच' एवढ्यावर सोडून देतात. प्रौढांच्या बाबतीत हे खपून जाते. एक ते पाच वर्षे वयाच्या मुलाचे जठर लहान असते व त्यास दर दोन-तीन तासांनी थोडेथोडे खावे लागते. त्यामुळे मुलाच्या जेवणाच्या व झोपेच्या वेळा प्रथम कागदावर मांडाव्यात आणि त्यांच्यामध्ये उरलेल्या जागेत स्थळे बसवावीत, हाच क्रम योग्य ठरतो. वाघाच्या पिंजऱ्यासमोर रडणारे मूल बहुधा वाघाला घाबरलेले नसते. त्याच्या जेवणाची वेळ टळलेली असते.

उद्यानातील सकाळ

अलिपूरच्या प्राणी उद्यानाचे औपचारिक उद्घाटन 1 जानेवारी 1876 रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते झाले. त्याचा विस्तार सुमारे 45 एकरांचा आहे. अडीचशे वर्षांचे असल्याचे मानले जाणारे 'अद्वैत' नावाचे महाकाय कासव येथेच होते. मार्च 2006 मध्ये ते मरण पावले. उद्यानाचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांनी बंदिस्त प्राण्यांच्या व्यवस्थापनावर 1892 साली एक पुस्तिका सिद्ध केली. तीत प्रत्येक प्राण्याच्या निवाऱ्याबरोबर त्याच्या आहाराचाही तपशील दिलेला आहे. ज्या उद्यानात माकडाच्या पिल्लाच्या खाण्याचीही नोंद ठेवली गेली, तेथे येणाऱ्या मनुष्याच्या पिल्लाबाबत मात्र पुष्कळदा हयगय होते.

उद्यानाची साप्ताहिक सुटी सहसा गुरुवारी असते. नाताळ व नववर्षदिन या दिवशी तेथे अलोट गर्दी लोटते. लहान मुलासह जाणाऱ्यांनी हे दोन दिवस टाळलेले बरे. सकाळी आठच्या सुमारास मुक्कामाच्या ठिकाणी पोटभर न्याहारी, उद्यान उघडताच प्रवेश, साडेदहाच्या सुमारास सावलीत बसून छोटा खाऊ आणि बारापूर्वी बाहेर पडून दुपारचे जेवण व झोप, असा क्रम तीन वर्षांच्या मुलाला झेपतो. एका फेरीत सर्व प्राणी पाहून होत नाहीत. ते पाहून होण्याची गरजही नसते.

प्लास्टिकच्या पिशव्या व वेष्टने आत नेण्यावर निर्बंध असल्याने मुलाचा खाऊ स्टीलच्या डब्यात नेणे सोयीचे. घरचे अन्न आत नेण्याबाबतचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने प्रवेशद्वारावर चौकशी करून घ्यावी. करमणुकीच्या खासगी उद्यानांत बाहेरच्या खाद्यपदार्थांना बहुधा मनाई असते. तथापि तान्ह्या मुलांच्या अन्नाबाबत अनेक ठिकाणी सवलत दिली जाते. ती गृहीत न धरता तिकीट काढण्यापूर्वी विचारणे इष्ट.

येथे एका कायदेशीर बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 38-ञ अन्वये प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडविणे, खाऊ घालणे वा परिसरात कचरा टाकणे यांस मनाई आहे. हातातील बिस्कीट माकडाला देण्याचा मुलांना मोह होतोच. शिवाय कावळे व मोकळी माकडे उघड्या डब्यावर झडप घालण्यास टपलेलीच असतात. म्हणून मुलाला पिंजऱ्यांपासून दूर, एका जागी बसवून भरवावे. चालता-चालता खाऊ देऊ नये. धावताना खाल्लेला घास श्वासनलिकेत अडकण्याचा धोकाही असतो. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे व गोल कडक गोळ्या देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. एक वर्षाखालील बाळास मध मुळीच देऊ नये.

डब्यात काय असावे

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास जाणाऱ्या रेल्वेगाड्यांना, 1977 साली सुरू झालेल्या गीतांजली एक्सप्रेससह, दीड दिवसाच्या आसपास वेळ लागतो. या प्रवासासाठी मराठी घरांत पूर्वापार दशम्या केल्या जातात. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजविल्याने त्या मऊ राहतात व मुलांना चावता येतात. मात्र उष्ण हवेत पहिल्या दिवसाची दशमी दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाला देण्याचे धाडस करू नये. शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, हे त्यामागील कारण होय. भाताच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. तांदळातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकून राहतात व भात कोमट राहिल्यास विष निर्माण करतात; ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही.

त्यामुळे शिजवलेल्या अन्नापेक्षा कोरडे पीठ बरोबर नेणे अधिक सुरक्षित. भाजलेल्या तांदूळ-मुगाच्या रव्याचे खिमट, नाचणीचे सत्त्व, मेतकूट व सातूचे पीठ ही त्याची ठळक उदाहरणे. मुक्कामी विजेची किटली असल्यास सातूचे पीठ उकळलेल्या पाण्यात दहा मिनिटांत कालवून देता येते; खिमट व सत्त्व मात्र शिजवूनच द्यावे लागत असल्याने छोटी शेगडी किंवा मुक्कामाच्या जागेच्या स्वयंपाकघराची मदत लागते. गरम अन्न बाहेर न्यायचेच असल्यास रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये आधी उकळते पाणी पाच मिनिटे भरून ठेवावे, ते ओतून द्यावे आणि मग वाफाळते अन्न भरावे. खिदिरपूरच्या बाजारांत हरभऱ्याच्या भाजलेल्या डाळीचे सत्तू सहज मिळते. बंगालीत त्यास 'छातू' म्हणतात. गोदीत कामास आलेल्या बिहारी श्रमिकांचे ते नित्याचे अन्न. आपल्याकडील सातूच्या पिठात गहूही असतो, एवढाच त्यातील फरक.

सहा महिन्यांखालील बाळास मातेच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीही लागत नाही. प्रवासात हीच मुले आहाराच्या दृष्टीने सर्वांत सोपी ठरतात.

बंगाली पाकगृहाशी ओळख

महाराष्ट्रात बाळाचे उष्टावण करतात, तसाच बंगालमध्ये 'मुखेभात' हा विधी होतो आणि तेथेही पहिला घास भरविण्याचा मान बहुधा मामाकडे असतो. पहिला घास पायेसचा, म्हणजे तांदळाच्या खिरीचा. त्यामुळे लहान मुलासाठी मऊ भात मागितल्यास बंगाली खानावळीत कोणास नवल वाटत नाही. अडचण येते ती शब्दांची. 'झाल' म्हणजे तिखट. 'झाल छाडा' असे सांगितल्यास तिखटाशिवाय पदार्थ मिळतो. 'आलू शेद्धो' म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा. तो मऊ भातात कालवून दिल्यास बहुतेक मराठी मुले विनातक्रार खातात. मात्र त्यात कच्चे मोहरीचे तेल व हिरवी मिरची घालण्याची प्रथा असल्याने दोन्ही वगळण्यास आधीच सांगावे. मोहरीच्या तेलाचा उग्र वास सवय नसलेल्या मुलास एकाएकी मानवत नाही. 'डिम शेद्धो' म्हणजे उकडलेले अंडे. 'मुडी' म्हणजे मुरमुरे, 'चिँडे' म्हणजे पोहे. माशाच्या काट्यास बंगालीतही 'काटा'च म्हणतात. इलिश अर्थात हिलसा हा मासा कितीही प्रसिद्ध असला तरी त्यातील केसासारखे बारीक काटे पाहता तो लहान मुलाच्या ताटात वाढू नये. भेटकीचे काटे काढलेले तुकडे हा त्यास चांगला पर्याय आहे.

खिदिरपूरच्या पश्चिमेस असलेल्या मटियाबुर्ज येथे अवधचे पदच्युत नबाब वाजिद अली शाह यांनी 1856 नंतर वास्तव्य केले व 1887 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनीही तेथे मोठे प्राणिसंग्रहालय बाळगले होते. कोलकात्याच्या बिर्याणीतील बटाटा त्यांच्या मुदपाकखान्यातून आला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची सत्यता काहीही असो, मसाला मुरलेल्या पण फारशा तिखट नसलेल्या या बिर्याणीतील बटाटा व अंडे मुलाला आणि उरलेले पालकांना, ही वाटणी या परिसरात सोयीची ठरते. रमजानच्या महिन्यात येथील अनेक उपाहारगृहे दिवसा बंद राहून सायंकाळनंतर गजबजतात, याची नोंद घ्यावी. दुर्गापूजेच्या काळात याउलट अनेक मंडपांत दुपारी खिचुडीचा भोग मिळतो. मुगाची ही खिचडी मुलांना रुचणारी असते, परंतु रांग लांब असल्याने मुलाला त्याआधी काही खाऊ घातलेले असावे. हिवाळ्यात 'नोलेन गुड' म्हणजे खजुरीच्या रसाच्या नव्या गुळाचे संदेश मिळतात. सुट्या मिठाईच्या ताटाजवळ 'कोणत्या तारखेपर्यंत उत्तम' हे लिहिणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक करण्यात आले आहे. छेन्याची मिठाई लवकर आंबत असल्याने ही तारीख पाहूनच खरेदी करावी.

पाणी, आणि पोट बिघडल्यास

अतिसाराविषयीच्या वैद्यकीय ज्ञानाशी कोलकात्याचे नाते जुने आहे. रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कॉलऱ्याचा जिवाणू याच शहरात वेगळा केला. कॉलऱ्याचे विष शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये याच शहरात दाखवून दिले. 1971 च्या बांगलादेश युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाण्यातील द्रावण पिंपांतून रुग्णांना पाजले. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते आणि तोंडावाटे द्रव देण्यावर अनेक डॉक्टरांचा तेव्हा विश्वास नव्हता. त्या छावणीतील मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आला. महालनबीस यांचे ऑक्टोबर 2022 मध्ये निधन झाले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

क्षार संजीवनी किंवा ओआरएस या नावाने ओळखले जाणारे हे मिश्रण मुलासह प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत असावयास हवे. एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकण्याची पद्धत घातक असून क्षारांचे प्रमाण वाढल्यास मुलाची प्रकृती अधिक बिघडते. द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलास 100 ते 200 मिलिलिटर, चमच्याने किंवा घोटाघोटाने द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. पाकीट हाताशी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. स्तनपान व नेहमीचा मऊ आहार बंद करू नये. 'पोटाला विश्रांती' देण्याची समजूत अद्याप अनेक घरांत टिकून आहे आणि तिने मुलाचा अशक्तपणाच वाढतो.

खरेदी करताना आणखी एक काळजी घ्यावी. साखरेचे प्रमाण अधिक असलेली फळांच्या स्वादाची पेये 'ओआरएस' या नावाने विकली जात असत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नपदार्थांच्या नावांत या शब्दाच्या वापरास मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेले पाकीट औषधविक्रेत्याकडूनच घ्यावे.

उद्यानांच्या बाहेर फुचका, बर्फाचे गोळे व कापून ठेवलेली फळे यांच्या गाड्या ओळीने उभ्या असतात. फुचक्याचे पाणी व गोळ्याचा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विक्रेत्यासही सांगता येईलच असे नाही. डोळ्यांदेखत फोडलेले शहाळे, ज्यास येथे 'डाब' म्हणतात, आणि हाताने सोलता येणारी केळी व संत्री हे तुलनेने निर्धोक पर्याय होत. शहाळ्याचे पाणी स्वच्छ पेल्यात घेऊन पाजावे. बंद बाटलीचे झाकण तुटलेले नाही, हे पाहावे. हात साबणाने धुवावेत. चिकट व मातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर पुरेसा परिणाम करीत नाही.

मुलाचे डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले, मूल सुस्त झाले किंवा काहीच पिईनासे झाले, तर घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. खिदिरपूर व अलिपूर परिसरातून सर्वांत जवळचे मोठे शासकीय रुग्णालय म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावरील एसएसकेएम. स्थानिक रहिवासी व टॅक्सीचालक त्यास 'पीजी' या नावाने ओळखतात.