मीठ मूळचे, मिरची उपरी

परभणीकडच्या खेड्यात तान्हे मूल संध्याकाळी किरकिर करू लागले, अंगावर पिईना झाले, की घरातली म्हातारी कुणाला काही विचारत बसत नाही. ती चुलीपुढून उठते, मिठाच्या मडक्यात हात घालते, शिंक्यावरच्या चार-पाच लाल मिरच्या घेते, चिमूटभर मोहरी घेते. केरसुणीची काडी आणि उंबऱ्याबाहेरची माती असेल तर उत्तमच. मूठ मिटून पोराच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवते. तोंडाने पुटपुटणे चालूच: येणाऱ्याची, जाणाऱ्याची, शेजारणीची, पाहुण्याची आणि शेवटी खुद्द आईची, अशी ज्याची ज्याची नजर लागू शकते त्या सगळ्यांची नावनिशी हजेरी. मग मूठ चुलीत. सगळे श्वास रोखून बसतात. ठसका लागला नाही तर म्हातारी म्हणते, "बघा, किती दिष्ट झालती!" ठसका लागलाच, तर म्हणते, काही नाही, पोटात दुखत असेल, ओवा द्या.

माझ्या आजीला दृष्ट काढताना जांभया यायच्या. एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. जितक्या जांभया, तितकी दृष्ट जबर, हा तिचा हिशोब. हा हिशोब फक्त आमच्या घरचा आहे, असे मला कितीतरी वर्षे वाटत होते.

इटलीचे एक अभ्यासक होते, एर्नेस्तो दे मार्तिनो. त्यांनी गेल्या शतकाच्या पन्नाशीत दक्षिण इटलीतल्या लुकानिया या कोरडवाहू, गरीब मुलखात हिंडून दृष्टीच्या चालीरीती गोळा केल्या. ‘सूद ए माजिया’ हे त्यांचे पुस्तक 1959 साली आले. तिथली म्हातारीसुद्धा दृष्ट काढताना जांभया देते आणि जांभयांवरून दृष्ट किती ते ठरवते. दृष्टीला इटलीत ‘मालोक्यो’ म्हणतात, म्हणजे वाईट डोळा. पद्धत वेगळी: ताटलीत पाणी घ्यायचे, त्यात ऑलिव्हच्या तेलाचे थेंब सोडायचे. थेंब गोल राहिले तर काही नाही, पसरले तर दृष्ट. पुटपुटायचे शब्द मात्र चर्चमधले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घ्यायचे, बोटाने क्रूस काढायचा, एखाद्या संताला साकडे घालायचे. डोळ्यांची राखणदार संत लूसिया. तिचा सण 13 डिसेंबरला. समुद्री शंखाच्या तोंडावरचे गोल झाकण ‘संत लूसियाचा डोळा’ म्हणून गळ्यात घालतात. दृष्ट काढण्याचा मंत्र कुणाला सहज सांगत नाहीत. नाताळच्या आदल्या रात्री म्हातारीने तो नातीच्या कानात सांगायचा, अशी चाल आहे. आपल्याकडेही सापाचा-विंचवाचा मंत्र ग्रहणात नाहीतर दिवाळीच्या अमावास्येला देतात, तसलाच प्रकार. तिकडे पाद्रीबाबांची परवानगी कुणी मागत नाही आणि ते नसल्याने कुणाचे अडतही नाही.

आता आपल्या दृष्टीची कुळी पाहू. शब्द सरळ आहे: संस्कृत दृष्टी, जुन्या मराठीत दिठी, परभणीकडे दिष्ट. पण या विधीचे जुने नाव वेगळे होते, निंबलोण. पुढे त्याचेच लिंबलोण झाले. संतांच्या वाङ्मयात हा शब्द जागोजाग भेटतो, कारण त्यांनी विठ्ठलालाही लेकरू मानून त्याच्यावरून निंबलोण उतरवले. गोदाकाठचे गंगाखेड ज्या जनाबाईचे गाव म्हणून ओळखले जाते, तिच्या काळातल्या बायकांना हा शब्द घरचा होता. शहरातल्या माणसाला लिंबलोण म्हणजे लिंबू आणि मीठ वाटते. परभणीकडच्या माणसाची तशी फसगत होत नाही, कारण आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंबच. निंब म्हणजे कडुलिंबाचा पाला आणि लोण म्हणजे लवण, मीठ. आख्खी कृती नावातच आली.

या नावात मिरची कुठेच नाही.

असणार कशी? ती तेव्हा या देशातच नव्हती. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपात पोहोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. 1510 साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. तिथून ही नवी चीज घाट चढून वर आली. आपल्या लोकांनी तिला नाव दिले तेही घरातल्या मिऱ्याच्या ओळखीवरून. मिऱ्याहून तिखट, परसात उगवणारी, फुकटात मिळणारी आणि चुलीत टाकली की घर डोक्यावर घेणारी! दृष्टीला यापेक्षा चांगला साक्षीदार कुठून मिळायचा? कडुलिंबाच्या पाल्याच्या धुराने एवढा झटपट निकाल लागत नव्हता. हळूहळू निंब मागे पडला आणि मिरची पुढे बसली. आज कुठल्याही आजीला विचारा, मीठ-मिरची उतरवणे ही रामायण-महाभारतापासूनची रीत आहे असेच ती सांगेल. तिच्या मुठीतली मिरची मात्र कॅथलिक खलाशांनी आणलेली आहे.

त्या खलाशांमागून पाद्री आले, आणि गोव्यात या गोष्टीला पुढचे वळण मिळाले. तिथे 1560 साली इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मचौकशीचे, न्यायासन बसले. ते मधली काही वर्षे सोडली तर 1812 पर्यंत चालले. बाटलेल्या घरांत जुन्या चाली राहू नयेत म्हणून हुकूम निघत राहिले. 1736 च्या फर्मानाने तर लग्नाकार्यातल्या हिंदू रीतींवर बारीकसारीक बंदी घातली. पण दृष्ट काढायला ना भटजी लागतो, ना देऊळ, ना मुहूर्त. तिला पकडायचे तर प्रत्येक घराच्या चुलीपुढे शिपाई बसवावा लागला असता. गोव्याच्या कॅथलिक घरात आजही ‘दिश्ट’ काढतात. मीठ तेच, मिरसांग म्हणजे मिरची तीच, कुठे तुरटीचा खडा. फक्त ओठांवर येशू-मारियेचे नाव आणि हाताने क्रूसाची खूण. संत इटलीसारखे, मूठ परभणीसारखी.

ही देवघेव उलट्या दिशेनेही होते. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्या, फेस्ताला हिंदू बाया तेल घेऊन जातात. कारण लोकांच्या सांगण्याप्रमाणे ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण. सात बहिणींपैकी एकीने धर्म बदलला म्हणून काय नाते तुटते?

परभणीत सायबीण नाही, पण हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा आहे. फेब्रुवारीत तिथे उरूस भरतो, तेव्हा जिल्हाभरातून माणसे लोटतात आणि त्यात सगळ्या जातीधर्मांची असतात. लेकराच्या गळ्यातला काळा दोरा आणि त्यातला ताईत, ही आमच्याकडची दृष्टीवरची दुसरी मात्रा. ताईत हा शब्द अरबी ‘तावीज’वरून आलेला. मूळ अर्थ आसरा मागणे. कुराणातले शेवटचे दोन सूरे, 113 आणि 114, हे आसरा मागण्याचेच आहेत आणि पहिल्यात मत्सरी माणसापासून राख अशी विनवणी आहे. नजर हा शब्दही अरबीच. म्हणजे परभणीची आई ‘नजर लागली’ म्हणते अरबीत, ‘दिष्ट काढा’ म्हणते संस्कृतात, मिरची टाकते अमेरिकेतली, आणि याला ती ‘आमची घरची रीत’ म्हणते. तिचे चुकत नाही. घरची रीत अशीच बनते.

शब्दांचे नशीब मात्र मजेदार. गळ्यातला ताईत आता माणूसच होतो, लाडका. त्याउलट गालबोटाचे झाले. गोऱ्या गोमट्या पोराच्या गालावर काजळाची तीट लावायची, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा त्या डागावर अडकेल आणि पोर वाचेल. राखण करणारे ते बोट आज वर्तमानपत्रात ‘मिरवणुकीला गालबोट’ म्हणून बदनाम झाले आहे.

यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आजीच्या मुठीतून कुणाचे काही जात नाही. पण त्याच भीतीवर दुकान मांडणारे मराठवाड्यात कमी नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला, त्यांचा पुण्यात खून झाल्यानंतर. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून तापाने फणफणलेल्या पोराला आधी दवाखाना. दृष्ट नंतर काढा, ती कुठे पळून जात नाही.

आता घरोघरी गॅस आला. निखारे नाहीत, केरसुणी प्लास्टिकची झाली, उंबऱ्याबाहेर माती नाही, फरशी आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये मिरची जाळली तर शेजारी दार वाजवतात. त्यामुळे हल्लीच्या आया मिरचीही सोडू लागल्या आहेत. मूठभर मीठ घेतात, पोरावरून उतरवतात, मोरीत टाकतात आणि वरून नळ सोडतात. निंब गेला, मिरची आली, आता तीही चालली. नावातले लोण तेवढे अजून मुठीत आहे.