ए डॉट बी डॉट सी

अ‍ॅप मध्येच बंद पडलं की मरता मरता एक चिठ्ठी लिहून ठेवतं. कुठल्या फंक्शनमधून कुठे गेलो, शेवटी कुठे पडलो, सगळं. पण कोडमध्ये आपण 'व्याजमोजणी' असं छान नाव दिलेलं असलं तरी चिठ्ठीत दिसतं नुसतं 'ए डॉट बी'. वाचणार काय, कपाळ!

नावं अशी आखडण्यात लपवाछपवी होतीच, पण काटकसरही होती. अँड्रॉइडच्या आधीच्या काळात नोकियाच्या काही साध्या फोनवर जावाचा अख्खा प्रोग्रॅम ६४ किलोबाइटमध्ये कोंबावा लागे. यंत्राला नावाचं सोयरसुतक नसतं, मग लांब नावं हवीत कशाला? आमच्या नेदरलँड्सच्या शेजारी, बेल्जियममध्ये, एरिक लाफोर्टुन यांनी २००२ मध्ये 'प्रोगार्ड' आणलं. ते कोड आटवतं, नावं बदलतं आणि कुठलं नाव कशाचं याचा कोश एका फाइलीत लिहून ठेवतं. सोबतचं 'रीट्रेस' हा कोश घेऊन चिठ्ठी पुन्हा माणसांच्या भाषेत आणतं. पुढे अँड्रॉइडवाल्यांनीही प्रोगार्ड उचललं. २०१९ पासून तिथे गूगलचं 'आर८' आलं, पण कोशाची रीत तीच राहिली.

गंमत म्हणजे एकाच 'ए'मागे चार-पाच फंक्शनं असू शकतात. ओळींचे आकडे राखले नसतील तर रीट्रेस सगळे पर्याय समोर ठेवतं, निवडा तुम्हीच!

इथे मला ऑगस्ट केर्कहॉफ्स आठवतो. हा इथल्या लिंबुर्ग प्रांतातल्या न्यूट गावचा, जन्म १८३५चा. लष्करी सांकेतिक लिपीवरच्या १८८३च्या लेखात त्याने बजावलं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती किल्लीच. त्याच्या कसोटीवर आमची ही नावबदली साफ नापास. चिकाटीचा माणूस कोशाशिवायही कोड उलगडतोच, वेळ जास्त लागतो एवढंच. कोश हरवला तर चोरापेक्षा मालकच जास्त रडतो.

इथल्याच एका कंपनीत ते पाहिलं. प्रत्येक आवृत्तीचा कोश वेगळा, आणि नव्या बिल्डने जुना पुसून टाकलेला. ग्राहकांकडे मात्र जुनीच आवृत्ती! ढीगभर चिठ्ठ्या आल्या, एकही लागेना. शेवटी जुना कोड शोधून, त्याच साधनांच्या त्याच आवृत्त्या जमवून पुन्हा बिल्ड केलं, तेव्हा कुठे कोश जुळला. आता अ‍ॅप बंडलबरोबर कोश गूगलकडे आपोआप जातो. तरी तिथले लोक एक प्रत आपल्याकडेही ठेवतात, आवृत्तीचा क्रमांक घालून.