आम्ही, बुडालेले

डॅनिश लेखक कार्स्टेन येन्सेन (जन्म 1952) यांची सुमारे 700 पानांची महाकादंबरी. मूळ नाव ‘व्ही, दे ड्रुकनेडे’, प्रकाशन 2006. डेन्मार्कच्या एरो बेटावरील मार्स्टाल हे येन्सेन यांचे जन्मगाव, आणि त्याच गावच्या दर्यावर्दी पिढ्यांची 1848 ते 1945 या काळातील ही कहाणी आहे.

मार्स्टाल गाव लहान, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कमध्ये जहाजांच्या संख्येत कोपनहेगनच्या खालोखाल त्याचा क्रम लागे. इथली शिडाची जहाजे न्यूफाउंडलंडहून खारवलेला कॉड मासा युरोपात आणत. वादळापासून बंदर वाचवणारा दगडी बांध गावकऱ्यांनी 1825 पासून स्वतः राबून रचला. कादंबरीत हा बांध वारंवार येतो. गावाच्या एकजुटीचा त्याहून मोठा पुरावा नाही.

कथेच्या आरंभीच युद्ध आहे. 5 एप्रिल 1849 रोजी एकर्नफॉर्डच्या खाडीत जर्मन तोफखान्याच्या माऱ्याने ‘क्रिस्टियन आठवा’ या डॅनिश युद्धनौकेचा स्फोट झाला, ही इतिहासातील घटना. त्या स्फोटात खलाशी लाउरिड्स मॅडसेन आकाशात उडतो आणि पायांतल्या जड बुटांमुळे जिवंत खाली येतो, ही येन्सेन यांची कल्पना. पुढे लाउरिड्स घर सोडून जातो, तो परतत नाही. त्याचा मुलगा अल्बर्ट शाळेत इसागर मास्तरांच्या दोरखंडाचा मार खात वाढतो, खलाशी होतो आणि बापाच्या शोधात थेट सामोआ बेटांपर्यंत पोहोचतो. उतारवयात तो गावातला बडा जहाजमालक असतो. पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ असूनही देशाची व्यापारी जहाजे बुडतात, आणि कोण बुडणार हे अल्बर्टला आधीच स्वप्नात दिसू लागते.

यानंतर कादंबरी किनाऱ्यावर थांबलेल्या बायकांकडे वळते. तिचा सर्वांत कसदार भाग हाच. खलाशाची विधवा क्लारा फ्रीस हाती आलेल्या संपत्तीच्या जोरावर गावाचा जहाजधंदाच मोडायला निघते. जहाजेच उरली नाहीत तर मुलगे बुडणार नाहीत, असा तिचा हिशेब. तरीही तिचा मुलगा क्नूड एरिक समुद्रावर जातोच, आणि आई तो आपल्याला मेला असे जाहीर करते. क्लाराला खलनायिका करून मोकळे होण्याचा सोपा मार्ग येन्सेन घेत नाहीत. तिची माया आणि तिचा दुराग्रह वेगळे काढता येत नाहीत, आणि वाचकाला दोन्ही पटतात.

दुसऱ्या महायुद्धात क्नूड एरिक दोस्त राष्ट्रांच्या ताफ्यातून जहाज नेतो. पाणबुडीच्या हल्ल्यानंतर काळ्या पाण्यात माणसे तरंगत असतात आणि त्यांच्या जीवरक्षक जाकिटांवर लाल दिवे लुकलुकत असतात. ताफ्यातल्या जहाजाला थांबायची परवानगी नसते. कप्तानाला त्या दिव्यांमधून पुढे जावे लागते. युद्धाचे इतके भेदक चित्रण अलीकडच्या युरोपीय कादंबरीत फार थोड्या ठिकाणी सापडेल.

निवेदन बहुतांशी ‘आम्ही’ असे प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे. हा ‘आम्ही’ कधी शाळकरी पोरांचा, कधी जहाजावरच्या खलाशांचा, कधी साऱ्या गावाचा आणि बुडालेल्यांचाही असतो. त्यामुळे नायक बदलत गेले तरी कथेचा धागा तुटत नाही. मधल्या सागरी साहसांचा पसारा काही ठिकाणी लांबतो, हे मात्र मान्य करावे लागते.

कादंबरीला 2007 मध्ये डान्स्के बँक साहित्य पुरस्कार मिळाला. शार्लट बार्सलंड यांनी एमा रायडर यांच्या साहाय्याने केलेला इंग्रजी अनुवाद 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. येन्सेन यांनी पुढे ‘पहिला दगड’ (2015) ही अफगाणिस्तानातील डॅनिश सैनिकांवरची कादंबरी लिहिली. तिचाही विषय युद्धच आहे.