मधुमेहात प्रोटीन पावडर: डबा उघडण्याआधी एवढं वाचा

आपल्याकडच्या बहुतेक घरातलं कुणी ना कुणी अंधेरी, बोरिवली, मुलुंड नाहीतर घाटकोपरला आहे. सणाला गावी येताना हल्ली त्यांच्या पिशवीत प्रोटीन पावडरचा डबा असतो. "आईला शुगर आहे ना, रोज दोन चमचे दुधातून द्या," असं सांगून तो ठेवला जातो.

आमच्या घरीही मुलुंडहून असाच डबा आला. वडिलांनी महिनाभर घेतला. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. पावडरमुळेच वाढलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण डबा ताबडतोब बंद करायला लावला. तपासणी आधी करायची असते, हे आम्हाला उशिरा कळलं.

प्रोटीनची गरज आहे का?

आहे. मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत, मुंबईतल्या १८ ते ६९ वयाच्या १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर जास्त निघाली. आपलं ताट भात, चपाती, भाकरीनं भरलेलं असतं, डाळ-उसळ कमी. प्रोटीननं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि जेवणानंतरची साखर सावकाश चढते. पण त्यासाठी भात-चपाती तेवढी कमी करावी लागते. ताट आहे तसंच ठेवून वरून पावडर घेतली तर फायदा होत नाही, नुसतं खाणं वाढतं.

रोज किती लागतं?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं निरोगी माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम. घरचा हिशेब बघा (वजनं कच्च्या मालाची, आकडे अंदाजे):

- ज्वारी किंवा बाजरीचं पीठ १०० ग्रॅम: १० ग्रॅम
- तूरडाळ ३० ग्रॅम: ७ ग्रॅम
- मटकी किंवा मूग ४० ग्रॅम: ९ ग्रॅम
- दूध-दही मिळून ३०० मिली: ९ ग्रॅम
- शेंगदाणे ३० ग्रॅम: ७ ग्रॅम
- पिठल्याचं बेसन ३० ग्रॅम: ६ ग्रॅम

झाले ४८. एका अंड्यात ६, तर १०० ग्रॅम ताज्या मासळीत १८-२० ग्रॅम मिळतं. सुकी मासळी खारी असते, म्हणून बीपीवाल्यांनी जपून खावी.

डब्यावर काय बघायचं?

घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त असतं ते पहिलं लिहिलेलं असतं. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर तो डबा शुगरवाल्यांसाठी नाही. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही, पण साखर झपाट्यानं चढवतं. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे का तेही बघा. अशा पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशी इंग्रजीत सूचना असते. म्हणजे गोळीच्या जागी डबा चालत नाही. २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत राष्ट्रीय पोषण संस्थेनंही प्रोटीन पावडर टाळायचा सल्ला दिला आहे.

आधी मूत्रपिंड तपासा

मधुमेह मूत्रपिंडाला हळूहळू इजा करतो आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं. दोष निघाला तर प्रोटीन किती खायचं हे डॉक्टरच ठरवतात, आणि ते बहुधा किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास असतं. डायलिसिस सुरू असेल तर उलट जास्त लागतं. त्यामुळे शेजाऱ्याचं बघून घेऊ नये.

उपनगरात नातेवाईक असतील तर घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी ही पालिकेची रुग्णालयं आहेत. गावाकडं प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा.

पावडर कुणाला?

म्हातारपणी जेवण जात नाही, दात नाहीत, आजारपणात वजन उतरलंय, अशांना डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ पावडर देतात. तेव्हा जरूर घ्यावी.

शेवटची गोष्ट. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असताना भात-चपाती एकदम तोडू नका, साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखरपाणी घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. घरी डबा आला असेल तर राहू द्या कपाटात. आधी रिपोर्ट काढा, मग झाकण उघडायचं की नाही ते ठरवा.