घरगुती दप्तर

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टींत मी मोहोळास घरीं गेलों, तेव्हां ओसरीवरच्या जुन्या संगणकाचा निकाल काय लावावा, याची चर्चा चालली होती. हा संगणक वडिलांनीं निवृत्तीनंतर २०१० सालीं घेतलेला. अलीकडे तो सुरू होण्यास पाव तास घेई, मधूनच थबके, आणि त्याच्या पोटांतून बिघडलेल्या घड्याळासारखी टकटक ऐकूं येई. माझ्या पुतण्यानें क्षणभर कान देऊन निदान केलें, "काका, नवा घ्या. याचें आयुष्य संपलें." त्यावर आई म्हणाली, "नवा घ्याल रे, पण यांतले फोटो कुठें जातील?"

प्रश्न साधा होता. परंतु त्यामागें महिन्यापूर्वींची एक हकीगत होती. सप्टेंबरच्या अखेरीस सीनेला महापूर आला आणि माढा व मोहोळ तालुक्यांतील कांठचीं कित्येक गांवें पाण्यानें वेढलीं. माझ्या आत्याचें घर अशाच एका गांवीं आहे. माणसें वेळेवर बाहेर पडलीं. पलंगाखालची ट्रंक मात्र तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तेव्हां आंतील अल्बमाचा लगदा झाला होता. आजोबा-आजींचे आणि वडिलांच्या बाळपणाचे जे कांहीं फोटो आमच्या घराण्यांत होते, ते सारे त्या एका अल्बमांत होते. सुदैवानें २०११ च्या उन्हाळ्यांत वडिलांनीं तो अल्बम मागून आणून त्यांतील १४३ फोटो स्कॅन करून ठेविले होते. मूळ कागद सीनेनें नेला. त्याची छाया आतां त्या टकटकणाऱ्या चकतींत तेवढी उरली होती.

इतिहासाच्या साधनांचें जतन कसें करावें, यावर मी जवळजवळ तीस वर्षें वर्गांत व्याख्यानें देत आलों आहें. पण स्वतःच्या घरच्या दप्तराचा विचार माझ्या मनास कधीं शिवला नव्हता. आईच्या प्रश्नानें तो करावयास लाविला. त्या विचारांतून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण असें एखादें थकलेलें यंत्र आज बहुतेक सुशिक्षित घरांत असेल.

ज्या सीनेनें आमचा अल्बम नेला, तिच्याच कांठीं, मोहोळाच्या बऱ्याच वर, परंड्याच्या मुलखांत डोमगांव आहे. रामदासांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांचा मठ तेथें आहे. कल्याणस्वामींच्या हातची म्हणून मानलेली दासबोधाची प्रत त्या मठांत जपलेली होती. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं तिच्या आधारें १९०५ सालीं दासबोध छापून प्रसिद्ध केला. मठांत एका ठिकाणीं असलेला ग्रंथ हजारों घरांत गेला, आणि त्या दिवसापासून कोणत्याहि नदीच्या पुराचें त्याला भय राहिलें नाहीं. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, ही कथा आपण भक्तिभावानें ऐकतों. परंतु संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनीं उतरून घेतलेल्या वह्या आणि वारकऱ्यांचे कंठ यांचाहि गाथेवर मोठाच उपकार आहे.

आपल्या पूर्वजांस कागदाची नश्वरता ठाऊक होती. वाळवी, दमटपणा, आग, पूर, यांतून एकच पोथी शतकानुशतकें टिकेल, अशी आशा त्यांनीं धरिली नाहीं. पोथी जीर्ण होण्यापूर्वीं ती दुसऱ्या कागदावर उतरावी, ही त्यांची रीत. आज आपणांस जें जुनें वाङ्मय उपलब्ध आहे, त्यांतील पुष्कळसें मूळ लेखकाच्या हातचें नसून नकलांच्या नकला आहेत. जतन म्हणजे वस्तु कुलुपांत ठेवणें नव्हे. वेळ आहे तोंवर तिची नक्कल करणें, हेंच खरें जतन होय.

अर्थात् नकलेंतहि दोष शिरतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. पुढें सुमारें तीनशें वर्षांत तिच्या प्रतींत इतकीं पाठांतरें माजलीं कीं, शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांस तिचें शुद्धीकरण करावें लागलें. नक्कल केली म्हणजे काम संपलें असें नाहीं. ती मूळाशीं ताडून पाहावी लागते. हा दुसरा नियम पुढें संगणकाच्या बाबतींतहि कामास येईल.

ज्यांची नक्कल झाली नाहीं, त्या कागदांची कथा निराळी आहे. इनामदारांच्या, कुळकर्ण्यांच्या आणि सरदारांच्या वाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल पडून असत. कांहीं वाळवीनें खाल्ले, कांहीं रद्दींत गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे कागद शोधीत गांवोगांव हिंडले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं काढिला. पुढें एकंदर बावीस खंड झाले. १९१० सालीं त्यांच्याच पुढाकारानें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. राजवाड्यांनीं कागद मिळविले, ही त्यांची अर्धी कामगिरी. मिळालेले कागद छापून त्यांच्या शेंकडों नकला केल्या, ही दुसरी अर्धी, आणि माझ्या मतें अधिक महत्त्वाची.

छायाचित्राची विद्या १८३९ सालीं युरोपांत प्रसिद्ध झाली आणि १८५४ त मुंबईंत फोटोग्राफीची सोसायटीहि निघाली. आरंभींच्या एका पद्धतींत एका पत्र्यावर एकच चित्र उमटे. तो पत्रा गेला कीं चित्र गेलें. पुढें काचेच्या आणि फिल्मच्या उलट्या चित्रावरून हव्या तितक्या प्रती निघूं लागल्या. पण प्रती काढण्याची सोय असणें निराळें आणि त्या काढून ठेवणें निराळें. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आज संपूर्ण स्वरूपांत कोठेंहि पाहावयास मिळत नाहीं. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती आपोआप सडे आणि सहज पेट घेई. चित्रपटांच्या जतनासाठीं पुण्यास राष्ट्रीय संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं, म्हणजे अर्धें शतक उलटल्यावर. पुढें २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच नायट्रेट फिल्म ठेविलेल्या कोठीस आग लागून जुन्या बोलपटांचीं अनेक रिळें जळालीं. जतनासाठीं जें एकत्र केलें, तें एकत्र होतें म्हणूनच एका तासांत गेलें.

आतां संगणकाकडे वळूं. चुंबकीय चकत्यांवर माहिती साठविणारें पहिलें यंत्र अमेरिकेंत १९५६ सालीं विक्रीस आलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. आजच्या भ्रमणध्वनीनें काढलेला एखादा फोटोहि तेवढी जागा घेतो. आमच्या मोहोळच्या संगणकांतील चकती मिनिटास ७२०० फेरे घेणारी होती. तिच्यावरून वाचणारी सुई केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनहि कमी अंतर राखून तरंगत असते. हें अंतर बिघडलें कीं सुई चकतीस घासते आणि लिहिलेलें पुसून जातें. ती टकटक बहुधा वाट चुकलेल्या सुईचीच असावी. अशा वेळीं यंत्र पुनःपुन्हां चालू करून पाहणें म्हणजे वाळवी लागलेली पोथी वारंवार झटकण्यासारखें आहे.

परंतु यंत्र धडधाकट असूनहि आंतील मजकूर वाचतां न येणें, ही याहून सूक्ष्म आपत्ति होय. इंग्लंडांत विजयी विल्यमनें १०८६ सालीं करविलेली जमिनींची व गांवांची नोंदवही, डूम्सडे बुक, आजहि वाचतां येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ सालीं बीबीसीनें लोकांकडून छायाचित्रें व मजकूर जमवून एक नवी नोंदवही केली आणि ती लेसरच्या तबकड्यांवर उतरविली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि मजकूर सोडविण्यास विद्वानांस खास प्रयत्न करावे लागले. नऊशें वर्षांची जुनी वही मात्र ज्याला लिपि व भाषा येते त्याला उघडून वाचतां येत होती.

आपणांस हें नवल वाटण्याचें कारण नाहीं. मोडीचा अनुभव आपल्या गांठीं आहे. पणजोबांचीं पत्रें घरांत आहेत, कागद शाबूत आहे, शाईहि काळी आहे. पण वाचणारा नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच दप्तराला परके झालों. तोच प्रकार संगणकावरील मराठीचा. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं निरनिराळे फाँट रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरांचीं चित्रें बसवीत. ज्या फाँटांत मजकूर लिहिला तो संगणकावर असेल, तरच तो मराठी दिसे. नसेल तर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक खिचडी दिसे. वडिलांनीं त्या १४३ फोटोंत कोण कोण आहे याची यादी अशाच एका फाँटांत टंकून ठेविली होती. ती फाईल शाबूत निघाली. पण तिचें एक अक्षर कळेना, आणि फाँट कोणता हें सांगणारे वडील आतां नव्हते.

मग आम्हीं केलें तें असें. आधीं नक्कल, मागून दुरुस्ती, हा क्रम ठरविला आणि संगणक तत्काळ बंद केला. पुतण्यानें चकती बाहेर काढून आपल्या संगणकास जोडली आणि तिच्यावर कांहीं न लिहितां नुसतें उतरून घेण्याचें काम तीन संध्याकाळीं चालविलें. १४३ पैकीं १३१ फोटो पूर्ण आले. नऊ फोटो अर्धवट आले; वर चेहरे आणि खालीं करडा पट्टा. तीन उघडलेच नाहींत. तेव्हां मला आठवण झाली कीं, वडिलांनीं २०१२ सालीं एक सीडी माझ्या हातीं देऊन म्हटलें होतें, "ही सोलापुरास तुझ्याकडे असूं दे." ती मीं कपाटांत टाकली आणि विसरून गेलों. ती आणली, पण माझ्या नव्या लॅपटॉपला सीडी घालण्याची सोयच नाहीं, म्हणून वाचणारें यंत्र शेजारून उसनें आणावें लागलें. सीडीहि कांहीं ठिकाणीं खराब झाली होती. तरी तिच्यावरून बारांपैकीं आठ फोटो परत मिळाले. घराबाहेर एक प्रत असावी, हें इतिहासाच्या प्राध्यापकास सुचलें नाहीं. तें त्याच्या वडिलांस सुचलें होतें.

नकला मूळाशीं ताडून झाल्यावर मग यंत्राकडे वळलों. फिरणाऱ्या चकतीच्या जागीं न फिरणारी एसएसडी घातली, दोन जीबीची रॅम आठ जीबी केली. त्यावरील विंडोज ७ ची देखभाल २०२० च्या जानेवारींतच थांबली होती. तिच्या जागीं विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली बसविली. पाव तास घेणारा संगणक आतां अर्ध्या मिनिटांत सुरू होतो. नव्या संगणकाचा खर्च टळला. मात्र एसएसडीहि अमर नव्हे. वीज न मिळतां वर्षानुवर्षें पडून राहिल्यास तिच्यावरील मजकूरहि पुसट होऊं शकतो. म्हणून जाणते लोक सांगतात तो नियम आम्हीं पाळला: तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. एक मोहोळास, एक सोलापुरास निराळ्या डिस्कवर, आणि एक इंटरनेटवरील साठवणींत. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एका ठिकाणीं पुसलेलें दुसऱ्या ठिकाणींहि आपोआप पुसलें जावें, अशी जोडणी कित्येक सोयींत असते. ती आरशासारखी आहे. आरशाला प्रत म्हणतां येत नाहीं. दरवर्षीं दिवाळींत तिन्ही प्रती उघडून पाहावयाच्या आणि दर पांच-सहा वर्षांनीं नव्या साधनावर उतरावयाच्या, असेंहि ठरलें.

राहिली नांवांची यादी. पडद्यावर एकेक फोटो लावून आईस विचारीत गेलों आणि ती सांगेल तें युनिकोडमध्यें टिपून घेतलें. सत्याऐंशीं फोटोंतील माणसें तिनें ओळखलीं. उरलेले फोटो ती या घरांत येण्यापूर्वींचे होते. ते चांगल्या कागदावर छापून, पाठीमागें नांवासाठीं जागा सोडून, मी आत्याकडे घेऊन गेलों. तिच्या घराच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून छातीएवढ्या उंचीवर दिसत होती. आत्या एकेक फोटो उजेडाकडे धरून नांवें सांगत होती. एका फोटोशीं ती थांबली. आजीच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांची एक मुलगी होती. ती आत्याच असावी, असें आम्ही सारे समजत होतों.

"ही मी नव्हे," आत्या म्हणाली. "ही माझ्या आधींची. पटकीच्या सांथींत गेली. हिचा हा एवढाच फोटो."

मीं तिचें नांव विचारलें आणि फोटोच्या पाठीमागें तारखेसह लिहिलें. त्या रात्रीं घरीं आल्यावर तें तिन्ही प्रतींत घातलें.